समुद्रातलं गाव, केळीवाल्याच्या नजरेतून: साम्पेलाचा होमस्टे

पाचपैकी चार तारे. एक संडासापायी कापला, त्याचं पुढे सांगतो.

आपल्याकडची मंडळी इंडोनेशियाला जातात म्हणजे बालीला जातात. आमचा भाचा जकार्ताजवळ एका कापड गिरणीत आहे. तो म्हणाला, मामा, बाली राहू द्या, मी तुम्हाला वाकाटोबीला नेतो. सुलावेसीच्या आग्नेयेला वांगी-वांगी, कालेदुपा, तोमिया आणि बिनोंको अशी चार मोठी बेटं आहेत, त्यांचा हा जिल्हा. आमच्या जळगावकडच्या सावद्याहून मुंबई, मग जकार्ता, केंदारी, तिथून छोट्या विमानानं वांगी-वांगी आणि शेवटी लाकडी बोट. बोटीवर आमच्यासोबत सिमेंटच्या गोण्या, कोंबड्या आणि एक फ्रिज होता. आमची मंडळी माळकरी. तिनं सगळा प्रवास पदर नाकाला लावून केला.

साम्पेला हे बाजो, म्हणजे पूर्वापार समुद्रावरच जगणाऱ्या लोकांचं गाव. कालेदुपाच्या समोर आहे, पण जमिनीवर नाही. प्रवाळाचे दगड रचायचे, खांब रोवायचे आणि त्यावर लाकडी घरं. एका घरातून दुसऱ्यात जायला फळ्यांचे पूल, त्यातल्या काही फळ्या गायब. रात्री टॉर्च लागतेच. पोरं मात्र त्याच फळ्यांवरून अंधारात पळतात.

आम्ही उतरलो त्या घराला पाटी नाही, बुकिंगची साइट नाही. ओळखीतून फोन करायचा. खोलीत गादी, मच्छरदाणी आणि एक खिडकी, ती उघडली की खाली पाणी. तीन वेळच्या जेवणासह माणशी अडीच लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण तेराशे. कालेदुपाहून इथवर आणणाऱ्या होडीवाल्यानं मात्र जाताना एक भाडं सांगितलं आणि उतरताना दुसरं. भाच्यानं वाद घातला, पण निम्मेच सुटले. भाडं आधी पक्कं करा, साक्षीदार ठेवून.

जेवणाबद्दल शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण डब्यात काही तरी न्यावंच. घरच्या बाईंना सगळे इबू म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्या रोज शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार करायच्या, भात असायचाच, आणि भाताच्या जोडीला कासोआमी. कसावा किसायचा, पिळून त्याचं पाणी काढून टाकायचं आणि शंकूच्या आकारात वाफवायचा. टिकतं म्हणून समुद्रावर जाणारे तेच बांधून नेतात. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मंडळीनं त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घातलं, मग सगळ्या घरानं खाल्लं. आम्ही नेलेले बिबडे (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) इबूंनी नारळाच्या करवंटीच्या निखाऱ्यावर भाजले आणि अर्धे शेजारी वाटूनही टाकले. मासा ताजा असतो असं भाचा सांगतो, आम्ही काही त्या वाटेला गेलो नाही. तळलेली केळी मिरचीच्या ठेच्याबरोबर देतात. केळीवाल्याचं मत ऐका: जात आपल्या ग्रँडनैनसारखी नाही, जाड सालीची, पिठूळ. कच्ची खाववणार नाही, पण तळायला एक नंबर.

आता खरं सांगायचं ते समुद्रातल्या शेतीचं. सकाळी घरचे मालक आम्हाला होडीतून त्यांच्या शेतात घेऊन गेले. शेत म्हणजे पाण्यात ताणलेल्या दोऱ्या, तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि दोरीला लटकलेलं शेवाळ, आगर-आगर म्हणतात ते त्याला. बांधणीचं काम घरी, बायका-पोरींचं. मांडीवर दोरी घ्यायची, वीत-वीत अंतरावरच्या बारीक फासात मूठभर फुटवा अडकवायचा, फास ओढायचा, पुढे सरकायचं. इबूंचे हात बोलता बोलता चालायचे, दोरीकडे बघायचीही गरज नव्हती. मंडळीनं एक दोरी बांधायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या पोरीच्या तीन झाल्या.

साधारण ४५ दिवसांत काढणी. मग फळ्यांवर वाळवण. सात-आठ किलो ओला माल वाळून किलोभर उरतो. मधेच पाऊस आला की सगळं गोळा करा, झाका, पुन्हा पसरवा. व्यापारी येतो, मूठभर माल हातात घेऊन दाबतो, ओल आहे म्हणतो आणि वजनातून कापतो. हे बघताना मी भाच्याला म्हटलं, अरे, हा तर आपल्याच गावचा दिसतो! आपल्याकडं बऱ्हाणपूरचा केळीचा भाव ऐकून घड कापायचा की थांबायचं ते ठरतं. इथं तर माल बहुतेक चीनला जातो, भाव तिकडून ठरून येतो. त्यापासून कॅराजिनन काढतात, ते आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये घट्टपणासाठी वापरतात. २०२२ मध्ये भाव चढला होता, तेव्हा अनेकांनी दोऱ्या वाढवल्या; २०२३ मध्ये कोसळला. मालकांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली, त्यामुळे माल त्यालाच द्यायचा. मला हे भाच्यानं भाषांतर करून सांगायच्या आधीच कळलं होतं.

रोगही आहे. पाणी तापलं, खारेपणा बदलला की शेवाळाची फांदी पांढरी पडते, मऊ होते आणि तुटून वाहून जाते. त्याला आइस-आइस म्हणतात. मालकांनी एक फांदी माझ्या तळहातावर ठेवली, चिमटीत धरताच मोडली. आमच्याकडं केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की रोपं उपटून जाळतो, तसं इथं अख्खी दोरीच उचलतात.

तिथून परतलेला एक जण म्हणाला होता, लोक गरीब आहेत पण किती सुखी! मला असलं बोलणं आवडत नाही. हे लोक सकाळपासून भाव, व्याज आणि डिझेल यांचाच हिशेब करतात, आपल्यासारखेच. हा परिसर १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे; काही भागात मासेमारीला बंदी आहे, ती प्रवाळासाठी गरजेचीही आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या होडीवर जगलेल्यांना कुठं जाळं टाकायचं ते नकाशा बघून ठरवावं लागतं. मालकांचा थोरला मुलगा मोरोवालीला निकेलच्या कारखान्यात आहे. २०२० मध्ये सरकारनं कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, त्यामुळे कारखाने वाढले आणि पोरं तिकडं गेली. पगार बरा, पण घरी वर्षातून एकदा. धाकटा शाळेत आहे. त्याला मोबाइल दुरुस्ती शिकायचीय, शेवाळ नको म्हणतो. माझ्या पोरानं केळीबद्दल हेच सांगितलंय.

मालक पाण्यात उतरले की किती वेळ वर येत नाहीत, ते बघून छातीत धडधडतं. बाजो लोकांची प्लीहा, म्हणजे बुडी मारल्यावर साठवलेलं रक्त पुरवणारा पोटातला अवयव, शेजारच्या जमिनीवरच्या लोकांपेक्षा सुमारे निम्म्यानं मोठी असते, असं २०१८ च्या एका संशोधनात आढळलंय. माझ्या काही कामाचं नाही, मला बादलीत बुडी मारायचीही भीती!

तर तो संडास. फळ्यांची खोली, मधे भोक, खाली समुद्र. त्याच पाण्यात शंभर फुटांवर पोरं पोहतात, आणि घरांखाली प्लास्टिकचा ढीग साचलेला. कचरा उचलायला कुणी येत नाही. पर्यटक वाढले तर तेही यात भर घालणार, आम्हीही घातलीच. गोडं पाणी कालेदुपाहून डब्यांत येतं, तेव्हा अंघोळीला बादलीभरच मागा.

गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. जून ते सप्टेंबर पूर्वेकडचा वारा जोरात असतो, तेव्हाही नको. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. कांदेबागाची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारासची केळीची लागवड असेल तर आपली सोय तुम्ही बघा. एटीएमवर विसंबू नका, पैसे वांगी-वांगीलाच काढून घ्या, लहान नोटा घ्या. व्हिसा विमानतळावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. आणि भाड्यात घासाघीस करायची ती होडीवाल्याशी करा, इबूंशी नको. इबूंना दिलेले पैसे मधल्या कुणाच्या हातात न जाता थेट त्यांच्या पेटीत पडतात.