रोज कागल की सारखं पुणे? एलएफपी आणि एनएमसी बॅटरीचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "दहा वर्षांनी बॅटरीचं काय?" रास्त प्रश्न आहे. पण आधी सांगा, गाडी पळणार किती?

बाजारात दोन प्रकार आहेत. नेक्सॉन ईव्ही, विंडसर यांत लोह-फॉस्फेटची एलएफपी. क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टची एनएमसी. एनएमसी तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. एलएफपी चार्जिंगची आवर्तनं (बॅटरी एकदा पूर्ण वापरून पुन्हा भरली की एक आवर्तन) जास्त सोसते: ढोबळमानाने दोन-तीन हजार, तर एनएमसी हजार ते दोन हजार.

हे ऐकून लगेच एलएफपी बुक करू नका. कोल्हापुरात शाहूपुरीतून कागल एमआयडीसीला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,००० धरा. एका चार्जमध्ये खरोखरचे ३०० किमी मिळाले, तर वर्षाला ४० पूर्ण आवर्तनं, दहा वर्षांत ४००. यात एनएमसीचंही काही बिघडत नाही. अशी बॅटरी थकते ती पळून नव्हे, उभी राहून. तीही फुल्ल चार्ज करून मे महिन्याच्या उन्हात. सेलमधल्या ग्राफाइटवर एक पातळ थर वाढत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णतेनं हे आणखी वेगात होतं.

म्हणून एनएमसी घेतलीत तर रोजचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, गावाला निघायच्या आदल्या रात्रीच फुल्ल करा. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. ती अधूनमधून १०० टक्के करावीच लागते. ज्याला रोज टक्के बघत बसायचा कंटाळा, त्यानं सरळ एलएफपी घ्यावी.

टॅक्सीवाल्यांचं गणित निराळं. पुणे जाऊन-येऊन ४६० किमी. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास, शिवाय वाटेत फास्ट चार्जिंग. इथं एलएफपीच, दुसरा विचार नको. पण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, यातलं जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असेल तर ती अडीच वर्षांच्या आत संपते! व्यावसायिक वापराच्या अटी वेगळ्या आहेत का, तेही सही करण्याआधी वाचा.

जुनी गाडी घेत असाल तर डॅशबोर्डवरच्या रेंजवर जाऊ नका. तो आकडा आधीच्या चालवण्यावरून काढलेला असतो. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा एसओएच रिपोर्ट, म्हणजे मूळच्या किती टक्के क्षमता उरलीय त्याचा दाखला, काढून घ्या आणि मगच भावाचं बोला.