गाडीचा जुना सायलेन्सर कोणाला देऊ नका : 'एक्स्चेंज'च्या नावाखाली आमच्या गावात झालेली फसवणूक

दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यात किंवा विदर्भात कुठेही, "जुना सायलेन्सर द्या, नवा स्टीलचा घ्या, घरी येऊन फिटिंग फ्री" असं सांगत पिकअपवाले गावात आले, तर हे आधी वाचा आणि घरातल्या पोरांनाही वाचायला लावा. आमच्या गावातल्या दहा-बारा गाड्यांचं यात नुकसान झालं. त्यात माझीही गाडी आहे.

माझी मोटरसायकल 2021ची, दीडशे सीसीची, बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. वावरात रोजचं जाणं-येणं. आपल्याकडची काळी माती कशी चिकटते ते सांगायला नको. पावसाळ्यात हा चिखल सायलेन्सरच्या खालच्या अंगाला बसतो, दिवसेंदिवस ओला राहतो आणि तिथूनच पत्र्याला गंज धरतो. माझ्या सायलेन्सरला खालून बारीक भोकं पडायला लागली होती, म्हणून बदलायचा होताच. पोरांना त्या डबडब आवाजाची हौस असते, मला तसलं काही नको होतं. गंज न लागणारा, कंपनीसारखाच आवाज करणारा सायलेन्सर हवा होता, आणि ते लोक नेमकं तेच सांगत होते.

कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आला, त्या दिवसांत ते आले. पिकअपवर भोंगा, मागे चकचकीत सायलेन्सर टांगलेले. "एसएस 304 स्टील, आरटीओ अप्रूव्हड, दोन वर्षं वॉरंटी." एरवीची किंमत साडेचार हजार, जुना सायलेन्सर दिला तर फक्त दीड हजार. जुन्याचं काय करता म्हणून एकाने विचारलं, तर उत्तर तयार होतं, "कंपनी वितळवते ना भाऊ, त्याचंच नवीन बनते."

सायलेन्सर मी घरी स्वतः बदलतो, ते काम मला येतं. म्हणून म्हटलं, माल देऊन जा, मी सवडीने बसवतो. ते ऐकेनात. आमच्या माणसाने बसवला नाही तर वॉरंटी नाही म्हणाले. बसवण्याची जी पद्धत मी पाहिली, ती नीट सांगतो, कारण यावरूनही माणूस ओळखता येतो.

खरं तर हे काम थंड इंजिनवर करायचं असतं. आधी ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन पाहून पेट्रोल किती द्यायचं ते इंजिनला कळवणारा) कनेक्टर सोडवून सेन्सर जपून काढायचा. इंजिनच्या हेडजवळचे दोन नट गंजून बसलेले असतील तर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवायचं, कारण जोर केला आणि स्टड (नट बसतो तो दांडा) तुटला तर काम थेट हेड खोलण्यावर जातं. पॅकिंगची रिंग दर वेळी नवी टाकायची, कारण ती एकदा दबली की पुन्हा धूर अडवत नाही. मग पुढचे दोन नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे आणि फूटरेस्टजवळचा बोल्ट सगळ्यांत शेवटी.

या माणसाने माझ्या वावरातून आलेल्या तापलेल्या पाइपवर तांब्याभर पाणी ओतलं. नट ओढून काढले. पॅकिंग जुनीच, चपटी झालेली, परत बसवली. नव्या पाइपला सेन्सर बसवायला भोकच नव्हतं. ते मी दाखवलं तर म्हणाला, "याची जरूरत नसते भाऊ, हे फक्त शोरूमवाल्यांचं नाटक आहे," आणि सेन्सर त्याने केबल टायने फ्रेमला बांधून टाकला. माझा जुना सायलेन्सर तोवर दुसऱ्या माणसाने उचलला होता. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून तोंडातून आत पाहिलं, हाताने हलवून पाहिला, पत्र्यावर खडूने खूण केली आणि ताडपत्रीखाली नीट रचून ठेवला. गंजून भोकं पडलेल्या सायलेन्सरला एवढं जपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पैसे फोनवरून घेतले, बिल दिलं आणि गेले.

दोन-चार दिवसांतच गाडी बोलायला लागली. एक्सलरेटर सोडला की मागून फटफट आवाज, हेडजवळ काळी काजळी, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा कायम. पेट्रोल जास्त खायला लागली. आवाज तर असा की सकाळी धुऱ्याने जाताना समोरून येणाऱ्या बंडीचे बैल बिचकले आणि बंडी नालीत जाता जाता वाचली. बंडीवर म्हातारा माणूस आणि त्याचा नातू बसलेले होते. ते आठवलं की अजूनही जीव घाबरा होतो.

दारव्ह्याला नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने खाली वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "भाऊ, जुना कुठी हाय?"

"तो त्यांनी नेला, एक्स्चेंजमध्ये."

"तो द्याले नाही पायजे होता. कॅट त्यातच रायते."

मग त्याने स्पीकरचं चुंबक आणून नव्या सायलेन्सरला लावलं. टक्कन चिकटलं. 304 जातीच्या स्टीलला चुंबक जवळजवळ धरत नाही. इथे साध्या लोखंडी पत्र्यावर चमक चढवलेली होती. आत आवाज दाबणारी काचेची लोकर नाही, पडदे नाहीत, नुसती पोकळ नळी. आणि कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तर नाहीच.

हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीदार तुकडा असतो, तोच कन्व्हर्टर. त्याच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं कमी घातक वायूंत रूपांतर तिथे होतं. हे धातू फार महाग आहेत. रोडियम तर कित्येक वर्षं सोन्याच्या वरच्या भावाने विकलं गेलं आहे. ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत एवढ्या का येतात, त्याचं कारण हेच. ते लोक रात्री चोरतात. आमच्याकडचे दिवसाढवळ्या भोंगा लावून आले, आणि वरून दीड हजार रुपये घेऊन गेले.

पारावर बसून सगळ्यांनी आपापलं सांगितलं तेव्हा बाकीचं जुळलं. आमच्या काकांची 2012ची, म्हणजे बीएस-6च्या आधीची गाडी आहे, सायलेन्सर पार सडलेला. काका त्याच दिवशी पैसे घेऊन पिकअपवाल्यांकडे गेले होते, तर त्यांना "या मॉडेलचा माल नाही" म्हणून परत पाठवलं. एका शिक्षकांनी पूर्ण साडेचार हजार देतो, जुना माझ्याकडेच राहू द्या म्हटलं, तर त्यांनाही नकार. विकायला आलेला दुकानदार पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक परत पाठवत नाही. तुमच्या गावात कोणी आलं तर हेच दोन प्रश्न विचारून पाहा, लगेच कळेल.

शोरूममध्ये नव्या सायलेन्सरची किंमत विचारली, साडेनऊ हजार सांगितली. ज्या पोराच्या बापाने पऱ्हाटीच्या पैशातून हप्ता भरून गाडी घेऊन दिली, त्याने हे कुठून आणायचे? आमच्या शेजारचा पोरगा तर यवतमाळला पोलिसांच्या हाती सापडला आणि चालान घेऊन आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि धुराचे नियम मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. नागपुरात तर पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत. फसवला गेलेला तो, आणि गुन्हेगार म्हणून उभा राहिला तोही तोच. याचा मला फार राग आहे.

"आरटीओ अप्रूव्हड" या स्टिकरला तर अजिबात भुलू नका. आरटीओ गाडीचं पासिंग करतं, बाजारातल्या सायलेन्सरवर मंजुरीचे शिक्के मारत बसत नाही. गाड्यांची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आणि ती गाडीच्या मूळ सायलेन्सरसकट होते.

बिलही खोटं निघालं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. आमच्या बिलांवर 27 बरोबर होतं, पुढे अक्षरं मात्र तेराच. जीएसटीच्या वेबसाइटवर क्रमांक टाकला की नाव-पत्ता फुकटात दिसतो. पैसे द्यायच्या आधी एवढं मोबाइलवर पाहून घ्या.

आम्ही सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, जे पूर्वी 420 म्हणायचे ते. ठाणेदारांनी पैसे ज्या खात्यावर गेले त्याचे स्क्रीनशॉट, बिलं आणि फिट केलेला एक सायलेन्सर पुरावा म्हणून ठेवून घ्यायला सांगितलं, म्हणून कोणी रागाच्या भरात तो कबाडीत टाकू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. फोन करून आगाऊ टोकन मागितलं आणि माणूस आलाच नाही, असं ज्यांच्या बाबतीत झालं असेल त्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं, जितकं लवकर तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

आमच्या अर्जात एक गोष्ट कमी पडते आहे, ती म्हणजे पिकअपचा पूर्ण नंबर. एका पोराच्या रीलमध्ये गाडीची मागची बाजू आली आहे, पण नंबर प्लेटवर ताडपत्री लोंबत असल्यामुळे शेवटचे दोनच आकडे वाचता येतात. पांढरी पिकअप, भोंगा, मागे टांगलेले सायलेन्सर, दोन माणसं. कोणाकडे त्यांचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तो आपल्या जवळच्या ठाण्यात नेऊन द्या आणि दारव्ह्याकडेही असाच अर्ज झाला आहे, हे तिथे सांगा.