सेनेलिएचे तेलखडू, दोन वर्षं वापरून

सप्टेंबर जवळ आला की पॅरिसला चित्रकला शिकायला निघालेल्या पोरापोरींचे मेसेज चालू होतात, ताई रंग इकडूनच घेऊ का तिकडे घेऊ, तिकडे महाग असतात ना, बॅगेत किलोकिलोचा हिशोब असतो वगैरे. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. ऑइल पेंटच्या ट्यूबा भरून आणू नका, तिथेच सेनेलिएच्या दुकानातून तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, घ्या. मी आणलेल्या, आणि त्यातल्या अर्ध्या अजून तशाच पडून आहेत.

कारण खोली. मला मिळाली ती सातव्या मजल्यावरची, छपराखालची, पूर्वी मोलकरणींसाठी असायची तसली, लिफ्ट नाही आणि जागा बरोबर ९ चौरस मीटर, फ्रान्समध्ये भाड्याने द्यायच्या खोलीची कायद्यातली किमान मर्यादा हीच. त्यात पलंग, बेसिन, एक हॉटप्लेट आणि उतरतं छप्पर, म्हणजे भिंतीकडे तोंड करून नीट उभं राहायला पण कोपरा एकच. पहिल्याच आठवड्यात मी ऑइल पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि रात्रभर डोकं धरलं, खिडकी उघडावी तर बाहेर कडाक्याची थंडी, आणि दुसऱ्या दिवशी घरमालकीण वर येऊन सांगून गेली की हा वास परत आला तर खोली सोडायची. ओला कॅनव्हास घेऊन मेट्रोत गर्दीच्या वेळी शिरायचं म्हणजे समोरच्याच्या कोटाची वाट. त्यामुळे ऑइल फक्त कॉलेजच्या आतलिएमध्ये, म्हणजे स्टुडिओत, आणि तिथे संध्याकाळी कुलूप. मला तर काम सुचतं रात्री अकरानंतर.

तेव्हा वर्गातल्या एका मुलीने मला के व्होल्तेर या नदीकाठच्या रस्त्याला नेलं, तीन नंबर, सेनेलिएचं दुकान. सीन नदीच्या डाव्या काठावर, समोर नदीपलीकडे लूव्र, आणि बोझार या आर्ट कॉलेजच्या गेटपासून चालत पाच-सात मिनिटं. गुस्ताव्ह सेनेलिए हे केमिस्ट्रीवाले, त्यांनी १८८७ मध्ये हे चालू केलं आणि रंग स्वतः घोटायला लागले. आत शिरलात की आधी बोंजूर म्हणायचं, हे सगळ्या पॅरिसला लागू आहे, न म्हणता सरळ सामानाला हात घातला तर समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो, आणि म्हटलं की तुमच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचला पण लोक मदत करतात. दुकान अरुंद, जुन्या लाकडाची कपाटं, त्यात बारीक बारीक खणांचे ड्रॉवर, पूड रंगांच्या बरण्या, वर जिना चढून कागद. मला तिथे आमच्या सांगलीच्या पेठेतलं काष्टौषधीचं दुकान आठवलं, तसेच खण आणि तसाच सगळं एकत्र झालेला वास, फक्त इथे हिरडा-बेहड्याच्या जागी निळा कोबाल्ट आणि मातकट पिवळा ऑकर.

आणि मुद्दा हा की तिथे तेलखडू सुटे मिळतात. एक पाहिजे, एक घ्या. कोणी तुम्हाला डबाच घ्या म्हणत नाही. रंग १२० आहेत आणि मी पहिल्या दिवशी तीन घेतले, एक गरम राखाडी, एक इंडिगोसारखा निळा आणि एक पांढरा. त्या वेळी क्रूसच्या म्हणजे सरकारी स्टुडंट कॅन्टीनमध्ये पूर्ण जेवण ३.३० युरोला मिळायचं आणि एक खडू जवळपास तेवढ्यालाच, म्हणून माझा हिशोब अगदी सोपा होता, एक खडू म्हणजे एक जेवण. महिन्याला तीन जेवणं मी घरी वरणभात करून वाचवायची आणि तीन खडू आणायची. दोन वर्षांत असे साठेक झाले. ज्याच्याकडे एकदम शंभर-दोनशे युरो नाहीत त्यालाही सगळ्यात चांगला रंग हातात धरता येतो, मला या दुकानाबद्दल सगळ्यात जास्त माया आहे ती यामुळे.

आता खडूबद्दल. आपण सगळे कॅमलच्या ऑइल पेस्टलवर वाढलो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेला तेच घासले, त्यामुळे तेलखडू म्हणजे शाळेची गोष्ट असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते काढून टाका. शाळेचा खडू कडक असतो, मुलांच्या हातात मोडू नये म्हणून तसा पाहिजेच. हा मात्र कागदावर टेकवला की लिपस्टिकसारखा उतरतो. जोर लावावाच लागत नाही. थंडीत जरा घट्ट होतो, तेव्हा मुठीत मिनिटभर धरायचा की परत लोण्यासारखा. रंगाची पूड भरपूर, आणि ती बांधलेली असते मेण आणि मिनरल ऑइलमध्ये, हे तेल जवसाच्या तेलासारखं हवेने वाळत नाही, म्हणून हा रंग कधीच पूर्ण सुकत नाही आणि तडकतही नाही. टर्पेंटाइन नको, पॅलेट नको, ब्रश धुणं नको. नऊ चौरस मीटरसाठी कोणीतरी विचार करून बनवलाय असं वाटावं.

खरं तर बनवलेला दुसऱ्याच कारणासाठी. तेलखडू ही चीज मुळात जपानची, साकुरा कंपनीने १९२० च्या दशकात मुलांसाठी काढलेली. पण १९४९ च्या सुमाराला चित्रकार आँरी गोएत्झ हे सेनेलिएकडे आले, मित्रासाठी, की कागद, लाकूड, कॅनव्हास, कशावरही चालेल आणि फिका पडणार नाही असा रंग पाहिजे. मित्र म्हणजे पिकासो. गुस्ताव्ह यांच्या मुलाने, आँरी सेनेलिए यांनी, मग तो करून दिला. मी ही गोष्ट ऐकली आणि खोलीतल्या सगळ्यावर घासून बघितलं, पुठ्ठ्याचं खोकं, फळीचा तुकडा, बेकरीची तपकिरी पिशवी, खरंच सगळ्यावर बसतो. तपकिरी पिशवीवर तर पांढरा असा काही उठतो की मी अजून पिशव्या जपून ठेवते.

दुकानाच्या रस्त्यावरून जाताना मला चित्रकार सय्यद हैदर रझांची आठवण येतेच. नागपूर आणि मग मुंबईचं जे.जे. आर्ट स्कूल करून ते १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर इथेच आले, बोझारला. मी पण जे.जे.ची. घरची आठवण येऊन रडू येतं ना, त्या दिवशी मी सीनच्या पुलावर उभी राहते आणि म्हणते, ते आले होते, राहिले होते, काम केलं होतं.

प्रवासात तर याला तोडच नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी एक्सला गेले, एक्स-आँ-प्रोव्हाँस, दक्षिण फ्रान्समधलं चित्रकार सेझानचं गाव. तेजेव्हे, म्हणजे इथली फास्ट ट्रेन, परवडत नव्हती म्हणून एका कंपनीची रात्रीची बस धरली, ती दोन तास उशिरा आली आणि स्टँडवर कोणी काही सांगायला नाही, पण असो. सामानात एक ए-फाइव्ह वही, डब्यात बारा खडू, टिश्यूचा रोल. सेझानचा स्टुडिओ ले लोव्हच्या चढावर आहे, १९०२ पासून १९०६ मध्ये जाईपर्यंत ते तिथे काम करायचे, त्याच्याही वर चालत गेलं की एक जागा आहे जिथून ते साँत-व्हिक्त्वार डोंगर रंगवायचे. हजार मीटरच्या जरा वर उंची, चुनखडीचा, आणि त्याचा रंग सांगताच येत नाही. सकाळी राखाडी-निळा, अकराला पांढरा फटक, संध्याकाळी गुलाबी. मी सकाळी आठला बसले ते दोनपर्यंत.

बाराच्या पुढे खडू वितळायला लागले. म्हणजे अगदी पाणी नाही, पण खडूवरचा कागद सोलला की बोटात चिकट पेस्ट, रेघ मारायला जावं तर धब्बा. आधी मी घाबरले, मग तो धब्बाच बोटाने ओढला, डोंगराची उतरण एका ओढीत आली. खाली निळा दाबून भरलेला, त्याच्यावर हा मऊ राखाडी, आणि मेट्रोच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडलं तर खालचा निळा भेगांसारखा वर आला. सहा तासांत एकच पान असं झालं जे मी कॉलेजच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना, दाखवलं, आणि ते हेच होतं. तरी तुम्ही डबा सावलीत ठेवा, ओल्या रुमालात गुंडाळून.

अडचणी पण सांगते, कारण त्या माहीत नसताना घेतला तर चिडाल. सुकत नाही म्हणजे खरंच सुकत नाही, वही बंद केली की समोरच्या पानावर छापा. प्रत्येक चित्रावर ट्रेसिंग पेपर लावायचाच, घरून बटर पेपर आणलात तरी चालेल. वर मारायला सेनेलिएचं वेगळं फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मिळतं, पण तेही जरासंच आवरतं, भिंतीवर लावायचं तर काचेतच. बारीक काम होत नाही, डोळ्याची पापणी वगैरे विसरा. पांढरा खडू दर दोन रेघांनी पुसावा लागतो नाहीतर आधीचा रंग ओढत नेतो. नाजूक आहे, पिशवीत सुटा टाकला तर दोन तुकडे नक्की. आणि हलक्या रंगाचा कुडता घालून काम करू नका, डाग लागलाच तर आधी तेल लावून पुसायचा, मग साबण.

पहिल्यांदा घेणाऱ्याने छत्तीसचा डबा बघून भुलू नये. दोन राखाडी घ्या, एक गरम एक थंड, एक गडद निळा, एक ऑकर, एक विटकरी लाल, आणि पांढरे दोन, कारण पांढरा सगळ्यात आधी संपतो. काळा नको, निळा आणि विटकरी एकावर एक घातले की भागतं. खरेदी झाली की तसंच चालत ओर्से म्युझियमला जा, दहा मिनिटांवर आहे, आणि चित्रकार एदगार दगा यांची पेस्टल बघा. ती सुकी पेस्टल आहेत, आपली नाहीत, पण एका रंगातून दुसरा दिसू द्यायचा कसा ते तिथे कळतं. २६ च्या आत असाल आणि इथला लाँग स्टे व्हिसा असेल तर ओर्से फुकट आहे, पासपोर्ट बरोबर ठेवा.

सध्या सुट्टीला घरी आलेय. सांगलीत मे महिना, पत्र्याचा डबा दुपारी नुसता तापतो, म्हणून आईने तो माठाच्या खालच्या ओल्या वाळूशेजारी ठेवून दिलाय. पहिल्या दिवशी घेतलेला तो गरम राखाडी आता बोटाच्या पेराएवढा उरलाय. काल त्यानेच कृष्णेचा घाट केला, आयर्विन पुलाची सावली पाण्यात पडते ना तिथला, आणि पुलाच्या दगडाला तो रंग बरोबर लागला.