.३०-०६ साठी १५० ग्रेन की १८० ग्रेन?

परवान्यावर हरीण आणि रानडुक्कर दोन्ही मारणाऱ्याला, आणि कधी नशिबाने एल्क या मोठ्या हरणाची संधी मिळणाऱ्याला, .३०-०६ या रायफलीच्या काडतुसात किती वजनाची गोळी घ्यावी (ग्रेन हे त्या वजनाचं माप), हा प्रश्न पडतोच. मी आधी चार हंगाम १५० वापरली, त्यानंतर १८०. दोन्हींबद्दल वाईट बोलावं असं मला वाटत नाही, पण आज माझ्या पिशवीत १८० चाच डबा असतो.

वेगाचा मुद्दा लवकर आटोपतो. १५० ची गोळी सेकंदाला साधारण २९०० फुटांनी सुटते, १८० ची २७०० फुटांनी. २०० यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेमाच्या जागीच गोळी लागेल अशी लावलेल्या रायफलीतून ३०० यार्डांवर १८० ची गोळी एक-दीड इंचच जास्त खाली लागते. माझी बहुतेक जनावरं शंभर-सव्वाशे पावलांच्या आत पडली, त्यामुळे हा फरक मला कधी जाणवलाच नाही.

१५० सोडली ती वाया गेलेल्या मांसामुळे. साठ पावलांवर एक हरिणी किंचित तिरकी उभी होती. नेम फऱ्याच्या मागे धरला होता, गोळी फऱ्याच्या हाडावर बसली. जनावर जागीच पडलं, त्याबद्दल तक्रार नाही. सोलायला घेतलं तेव्हा मात्र तो फरा हाती लागलाच नाही. काळंनिळं गोठलेलं रक्त मांसाच्या पदरापदरात शिरलेलं, त्यात हाडाच्या चिपा आणि शिशाचे कण. कापून टाकत गेलो तो बरगड्यांपर्यंत पोचलो. एखाद्या वेळी होतं असं म्हणून सोडून दिलं, पण पुढच्या हंगामात दोनदा तेच झालं. जीव घेतलेल्या जनावराचा एवढा भाग फेकून द्यायचा, हे मला फार लागलं.

कारण सरळ आहे. पातळ आवरणाची, मऊ शिशाची हलकी गोळी जवळच्या अंतरावर पूर्ण वेगात हाडाला लागली की ती फुलण्याऐवजी फुटते. १८० ची गोळी त्याच जाडीची पण लांब असते. तिची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) ०.२७१, तर १५० ची ०.२२६. ती थोड्या सावकाशीने उघडते, खोल जाते आणि बहुधा पलीकडून बाहेर पडते. दोन्ही बाजूंना छिद्र असलं की रक्ताचा माग जमिनीवर दिसतो. झुडपात शिरलेल्या डुकरामागे संध्याकाळी जावं लागलं की या मागाची किंमत कळते. डुकराच्या खांद्यावरची जाड ढाल भेदायलाही मला १८० चाच भरवसा वाटतो. एल्कसाठी तर मी दुसरा विचारच करणार नाही.

आता १५० ची बाजू. फक्त लहान चणीची हरणं मारणार असाल तर १८० ची कडक गोळी कधी फारशी न उघडता आरपार जाते आणि जनावर साठ-सत्तर पावलं पळतं. माझ्याकडून हे दोनदा झालं, दोन्ही हरणं सापडली. शिवाय १५० चा झटका कमी. घोडा ओढताना डोळा मिटत असेल तर १५० च घ्या, कारण पोटात लागलेली जड गोळी हलक्या गोळीपेक्षा बरी नसते.

ही तुलना एकाच बनावटीच्या गोळ्यांची आहे. निव्वळ तांब्याची १५० आपलं वजन जवळजवळ पूर्ण राखते, त्यामुळे शिशाच्या जड गोळीचं काम ती करू शकते. १९४८ साली आलेल्या नॉस्लर पार्टिशन या गोळीत मधली भिंत मागचा भाग शाबूत ठेवते. माझी १८० तीच आहे, म्हणून माझं मत थोडं तिच्याकडे झुकलेलं असेल.

हरणाला १५० आणि डुकराला १८० असे दोन डबे बाळगायचा सल्ला मिळेल. मी तो एक हंगाम पाळला. माझ्या रायफलीत १०० यार्डांवर दोन्हींचे ठोके अडीच इंच दूर पडत, म्हणजे दर बदलाला स्कोप (नेमाची दुर्बीण) पुन्हा लावायचा. १६५ चा मधला मार्ग वाईट नसावा, पण तो मी फारसा वापरलेला नाही.

घेण्याआधी रायफल बाकावर टेकवून तीन-तीन गोळ्यांचे गट मारून पाहा. तुमच्या नळीतून १८० विखुरत असेल, तर १५० वर उतरण्याआधी दुसऱ्या कंपनीची १८० एकदा लावून बघा.