नोकरी सांभाळून लॉ सीईटी: नौपाड्यातल्या अभ्यासिकेचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका खासगी अभ्यासिकेत बसते आहे. तीन वर्षांच्या एलएलबीची, म्हणजे पदवीनंतरच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची, सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. चाळिशी जवळ आली आहे, नोकरी पूर्णवेळ, राहायला कळव्याला, घरात शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. अभ्यासिकांबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक एसी, वायफाय आणि 'शांत वातावरण' एवढ्यावर आटोपतं. माझ्यासारखीला कळायला हवं असतं ते हे, की तिथे बसून अभ्यासात मन टिकतं का. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. रोज बसायची सवय या जागेने लावली, ती घरी लागली नसती. अभ्यासाची ओढ मात्र दुसरीकडून आली, आणि तिचा एसी-वायफायशी काही संबंध नाही.

आधी जागा कशी आहे ते. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येकाला प्लायवुडचा आडोसा असलेलं टेबल, वर दिवा, एक प्लग आणि खाली कुलूप लावता येईल असा कप्पा. ठरलेली खुर्ची हवी असेल तर महिना दीड हजार, मिळेल तिथे बसायची तयारी असेल तर थोडे कमी. मी ठरलेली घेतली आणि त्या जास्तीच्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळाला. सकाळी साडेसहाला पोचते, नऊला उठते आणि तिथूनच ऑफिस गाठते. पुस्तकं कप्प्यातच राहत असल्यामुळे कळव्याहून गाडीत चढताना खांद्यावर फक्त डबा आणि पर्स असते. ज्यांनी सकाळी कळव्याला गाडी पकडली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

दारात एक रजिस्टर असतं. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. सुरुवातीला ती नुसती शिस्त वाटली. महिना संपताना पानं उलटली तेव्हा सोमवारच्या ओळी रिकाम्या दिसल्या, कारण रविवारी घरी पाहुणे आणि कामं, मग सोमवारी पहाटे उठवत नाही. तेव्हापासून सोमवारी फक्त चालू घडामोडी ठेवल्या. हलकं काम असलं की पाय आपोआप निघतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सीएची तयारी करणारी एक मुलगी बसते. मुलाला ताप आला म्हणून मी काही दिवस गेले नाही, तर परत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, दिसला नाहीत इतके दिवस? सगळं बरं आहे ना?" त्या एका प्रश्नाने जे केलं ते प्रेरणादायी भाषणांच्या व्हिडिओंनी केलं नव्हतं. आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, एवढं पुरतं. घरी अभ्यास करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की असं एक माणूस नक्की शोधा. ते तुमचीच परीक्षा देणारं असायला हवं असं अजिबात नाही. नसलं तर उलट बरं, मार्कांची तुलना होत नाही.

तुलनेवरून एक महत्त्वाचं. आमच्या रांगेत बारावीनंतरच्या क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, मुलं बसतात. त्यांची परीक्षा वेगळी आहे. तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण लांब उतारे वाचून उत्तरं द्यायची आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. आमच्या सीईटीत २०२५ पासून दीडशेचे १२० प्रश्न झाले, वेळ दोन तासच, आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे आम्ही एकही प्रश्न सोडायचा नसतो, आणि त्यांना काय सोडायचं हे शिकावं लागतं. एका वर्गात बसून कुणी ही, कुणी ती परीक्षा देणारी मुलं सराव परीक्षेतल्या गुणांवरून एकमेकांकडे बघून खचताना मी पाहिली आहेत. आपल्या परीक्षेचा नमुना आधी नीट समजून घेतला तर यातलं बरंचसं खचणं टळतं.

आता ओढ कुठून आली ते. मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुली दाखले, चेक न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणं, यातच दिवस जातो. चेक वटला नाही असा बँकेचा मेमो हातात आला की ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि ती मुदत संपली की महिन्याभरात तक्रार. या तारखा मी वर्षानुवर्षं कॅलेंडरवर लाल पेनने लिहीत आले आहे. कोर्ट नाक्यावर आमच्या वकिलांच्या मागे फाइल धरून उभी राहिले आहे. ते युक्तिवाद करतात तेव्हा कागद माझ्या हातात असतो आणि बोलणं त्यांचं. ते बोलणं मला करायचं आहे.

म्हणून कायद्याचा भाग वाचायला घेतला आणि मी त्यात रमले. करार कायद्यात १९०३ सालचा मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा निवाडा येतो. सज्ञान नसलेल्या मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं आणि प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ठरवलं की अज्ञान (वयाने सज्ञान नसलेल्या) व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक, म्हणून सावकाराला त्या गहाणखताच्या जोरावर काही मिळालं नाही. तो वाचला त्याच दिवशी ऑफिसात एका कर्जदाराच्या फाइलमध्ये वयाचा दाखला नव्हता. इतकी वर्षं तो दाखला मी नियम म्हणून मागत होते. त्या दिवशी मागताना कारण माहीत होतं. अशी एखादी जागा सापडली, जिथे पुस्तक आणि रोजचं काम एकमेकांना भिडतात, की दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर जड वाटत नाही. ज्यांचं काम कायद्याशी संबंधित नाही त्यांनाही हे करता येतं. भाड्याचा करार, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, विम्याची पॉलिसी, घरातलं कोणतंही कागदपत्र काढा आणि वाचलेला धडा त्यावर लावून बघा.

तरी मधले दोन-तीन महिने वाईट गेले. सराव परीक्षेचे गुण सत्तरीच्या घरात अडकले ते हलेनात. तीन वर्षांच्या सीईटीत कायद्याच्या भागाला २४, तर्काला २४, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींना ३२ आणि इंग्रजीला ४० गुण आहेत. एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा! बाकीचे प्रश्न मराठीतही दिसतात, पण हे ४० इंग्रजीतच सोडवायचे. माझी शाळा मराठी माध्यमाची. कायदा आवडतो म्हणून मन सारखं तिकडे धावायचं आणि २४ पैकी दोन गुण वाढवण्यासाठी आठवडा घालवायचं.

यातून बाहेर काढलं ते एका साध्या वहीने. एकूण गुण लिहिणं थांबवलं आणि प्रत्येक विभागाचे वेगळे लिहायला लागले. एकूण आकडा थिजलेला दिसत होता तेव्हा आत इंग्रजी वर सरकत होतं आणि चालू घडामोडी खाली येत होत्या. हे डोळ्यांना दिसल्याबरोबर मनावरचं मळभ गेलं. दुसरं, तास मोजणं सोडलं. 'अडीच तास अभ्यास' ऐवजी 'दोन उतारे आणि दहा वाक्यदुरुस्त्या' असं काम लिहून बसते. काम झालं की वेळेआधी उठायची मुभा स्वतःला देते. थकलेल्या माणसाला तासांपेक्षा संपणारं काम जास्त धीर देतं, असा माझा ठाम अनुभव आहे.

तारखांबद्दलही मन तयार ठेवावं लागतं. २०२४ मध्ये ही परीक्षा मार्चमध्ये झाली, २०२५ मध्ये मे महिन्यात. तारीख पुढे गेली की काहींना सुटल्यासारखं वाटतं आणि तिथेच खंड पडतो. मी आखणी तारखेवर न करता उजळणीच्या फेऱ्यांवर केली आहे, त्यामुळे तारीख हलली तरी वहीतलं काही हलत नाही.

पुस्तकांबाबत एक सूचना. अभ्यासिकेच्या कपाटात ठेवलेली कायद्याची पुस्तकं जुनी आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं आहे. वर्षानुवर्षं तोंडात बसलेले आकडे बदलायला वेळ लागतो, म्हणून नवीन आवृत्ती स्वतः विकत घ्या. तिथे काटकसर नको.

आता तक्रारी. एसीचा झोत मधल्या रांगेवर थेट येतो, शाल लागते. जिन्यात उभं राहून मोबाइलवर बोलणाऱ्यांचा आवाज आत येतो आणि सांगूनही फरक पडलेला नाही. बाथरूम एकच, संध्याकाळी अस्वच्छ. दहीहंडीच्या दिवसांत सरावाच्या थरांपासून स्पीकरपर्यंत सगळं खिडकीतून आत होतं. ठाण्यात राहून त्याची तक्रार कुणाकडे करणार, पण इअरप्लग आणायला हवेत. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मोठ्याने वाचायला जागा नाही. इंग्रजी सुधारायला मला मोठ्याने वाचावं लागतं. शेवटी मी आणि ती सीएवाली मुलगी शनिवारी लवकर उठून तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठावर, जायला लागलो. कठड्यावर बसून मी वर्तमानपत्रातली कोर्टाची बातमी इंग्रजीत वाचते, ती उच्चार सुधारते. शब्द माहीत असून वाक्य कुठे अडतं, ते तिथे कळायला लागलं.

कुणी घ्यावी ही सोय? नोकरी करणाऱ्यांनी, घरात वेगळी खोली नसणाऱ्यांनी, आणि ज्यांना एकटं बसून दुसऱ्या दिवशी परत बसवत नाही त्यांनी जरूर. सीईटीला कमाल वयाची अट नाही, त्यामुळे माझ्या वयाच्या बायकांनी 'आता कुठे' म्हणून थांबू नये. पण प्रवेशानंतरचं गणित आत्ताच मांडा. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमानुसार ७० टक्के हजेरी लागते, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनी सकाळचं सत्र असलेल्या कॉलेजांची यादी अभ्यासाबरोबरच करायला घ्यावी. ती यादी मी टेबलाच्या आडोशावर चिकटवली आहे. ज्या मुलांचा क्लास रोज चार-पाच तास असतो आणि घर शांत आहे, त्यांनी मात्र हे पैसे सराव परीक्षांवर घालावेत.

जागा बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, दुपारी सगळ्याच अभ्यासिका शांत असतात. तुम्ही ज्या वेळी बसणार आहात त्याच वेळी जा, एक दिवसाचे पैसे देऊन पूर्ण वेळ बसून बघा आणि खुर्ची निवडायच्या आधी एसीचा झोत कुठे पडतो ते तपासा. फी महिन्याचीच भरा. तीन महिन्यांची सवलत कितीही गळ्यात मारली तरी पहिल्या महिन्यात ती घेऊ नका.