ठेकेदाराची डब्ल्यूसी पॉलिसी बोगस निघाली आणि भरले मी

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सात माणसं, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही. शेडचं इरेक्शन, म्हणजे उभारणी, सगळेच देतात तसं मीही ठेकेदाराला देतो, किलोच्या रेटने. जानेवारी 2022 मध्ये चाकणच्या साइटवर त्याचा एक पोरगा फायबरच्या पत्र्यावर पाय पडून अठरा फुटांवरून खाली आला. टाचेचा चुरा, मणका दबला. वय तीस. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. हॉस्पिटलचे 2,14,600 मीच भरले, कारण ठेकेदार म्हणाला, "शेठ, पॉलिसी आहे ना, क्लेम आला की देतो."

त्या डब्ल्यूसी पॉलिसीचे, म्हणजे कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचे, 18,500 रुपये त्याने माझ्याकडून वेगळे घेतले होते! चौकशी केली तर नंबर खरा, पण पॉलिसी भलत्याच कुणाच्या शिलाई कारखान्याची. नाव उडवून याने स्वतःचं टाकलेलं.

ती पीडीएफ अजून मोबाइलमध्ये आहे. नावाची ओळ बाकीच्यांपेक्षा ठळक. तळाला छापलंय, पान 1/4. उरलेली तीन पानं पठ्ठ्याने पाठवलीच नाहीत, धंद्याचं स्वरूप त्यातच होतं. आता शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावं, क्रेनचं भाडं तासावर चढत असताना पानं कोण मोजतं? तुम्ही मात्र मोजा. पॉलिसी विमा कंपनीकडूनच थेट तुम्हाला पाठवायला ठेकेदाराला सांगा, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही.

माणूस त्याचा, तर जबाबदारीही त्याची, असंच मी धरून चाललो होतो. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 तसं म्हणत नव्हतं. ठेक्याने दिलेलं काम तुमच्याच धंद्याचा भाग असेल, तर कामगार थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. पगार धरला 15,000, त्याचे 60 टक्के 9,000, कायद्याच्या तक्त्यातला तिशीचा गुणक 207.98, कमाईची क्षमता गेली 30 टक्के: झाले 5,61,546. वर दोन वर्षांचं 12 टक्क्यांनी व्याज, 1,34,771. अपील करायचं तर आधी भरपाईची रक्कम जमा करा!

पोलीस म्हणाले, "हा तुमचा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." अहो, खोटा कागद बनवून पैसे उकळलेत, यात दिवाणी काय आहे? विमा कंपनी म्हणते तुम्ही पॉलिसीधारक नाही, माहिती मिळणार नाही. तेच लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगमध्ये. त्यांच्याच नंबरची बनावट पॉलिसी बाजारात फिरतेय, पण त्यांना घाम नाही. कामगार कार्यालयातला बाबू तर म्हणाला, "ठेकेदाराचं लायसन्स आणा." महाराष्ट्रात ठेकेदाराकडे पन्नासच्या आत माणसं असली की ते लायसन्स लागतच नाही, हे मी त्यांना शिकवायचं? पगार कशाचा घेतात?

पॉलिसी स्वतःच्या नावाने काढा, ठेकेदाराची माणसं त्यात धरा. उंचीवरचं काम वगळलेलं नाही ना, औषधपाण्याचा खर्च धरलाय ना, विचारा. आणि बिलातले पैसे रोखून ठेवा. मी त्याचे शेवटचे 62,000 अपघाताच्या आदल्या आठवड्यात चुकते केले होते.

ठेकेदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्याने दिलाय म्हणे. दावा लावलाय. समन्स परत आलं, आधारवरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला.