वॉरंटी संपली आणि डाइव्ह कॉम्प्युटर बिघडला: दुरुस्ती, अदलाबदल, तक्रार की सरळ नवा?

सीझन संपला, गियर गोड्या पाण्यात धुऊन वाळत घातलं, की हा प्रश्न समोर येतो. स्कूबा डाइव्ह करताना खोली आणि वेळ सांगणारा मनगटावरचा कॉम्प्युटर टेबलावर कोरडा पडलाय आणि पडद्यावर १.८ मीटर खोली दाखवतोय. किंवा बॅटरी नवी असूनही डाइव्हच्या मधेच बंद पडतोय. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची दोन वर्षांची, ती केव्हाच उलटलेली. विक्रेता म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या डायव्हरला यातून निघायच्या वाटा मोजक्याच आहेत: इथल्या इथे दुरुस्ती, परदेशी कंपनीकडे पाठवणं, कंपनीकडून सवलतीत अदलाबदल, ग्राहक आयोगात तक्रार, नाहीतर सगळं सोडून नवा घेणं. माझं मत आधीच सांगतो. खोली चुकीची दाखवणारा कॉम्प्युटर इथे कुणाकडूनही उघडून घेऊ नये. आणि पैशांचा वाद कितीही लांबला तरी तो निकालात निघेपर्यंत ते यंत्र मनगटावर बांधून पाण्यात उतरू नये. हे दोन निर्णय वेगळे ठेवले की बाकीचं बरंच सोपं होतं.

आधी बिघाड कुठला ते ठरवा

कॉम्प्युटर खोली थेट मोजत नाही, पाण्याचा दाब मोजतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. सेन्सर तो टिपतो आणि त्यावरून अंगात किती नायट्रोजन मुरला याचा हिशोब काही सेकंदांगणिक चालू राहतो. त्यामुळे सेन्सर चुकला की पुढचं सगळंच चुकतं: उरलेला वेळ, वर येण्याचा वेग, सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा). पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या डाइव्ह टेबलात पहिल्या डाइव्हसाठी १८ मीटरला नो-डेको मर्यादा (सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल इतका वेळ) ५६ मिनिटं आहे, १६ मीटरला ७२. म्हणजे तुम्ही १८ वर असताना सेन्सर १६ सांगत असेल, तर या फक्त दोन मीटरांपायी १६ मिनिटं जास्तीची दिसतात. तेवढ्या वेळात माणूस डीकॉम्प्रेशन सिकनेसच्या (मुरलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊन येणाऱ्या आजाराच्या) वाटेला लागू शकतो. म्हणूनच या एका बिघाडाबद्दल मी इतका हट्टी आहे.

मात्र प्रत्येक तफावत म्हणजे बिघाड नव्हे. तुमचा कॉम्प्युटर गोड्या पाण्याच्या सेटिंगवर आणि बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) खाऱ्या पाण्याच्या, तर एकाच खोलीवर दोघांत तीनेक टक्के फरक पडणारच. काही मॉडेल युरोपीय मानक ईएन १३३१९ ची घनता धरतात, ती दोन्हींच्या मधली. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सेन्सरच्या छिद्रांत बसलेलं मीठ. कोमट गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. टाचणी घालू नका, आणि स्कूबाच्या टाकीतल्या हवेचा झोत तर अजिबात मारू नका. आतला नाजूक पडदा त्याने फाटतो आणि बरा असलेला सेन्सर खरोखरच जातो.

एवढं करूनही आकडा चुकत असेल तर पुरावा जमवायला लागा. डाइव्हचा लॉग लॅपटॉपवर उतरवून घ्या. २०११ साली लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेलं सबसरफेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बहुतेक कंपन्यांचे कॉम्प्युटर वाचतं. पृष्ठभागावर आल्यानंतरही आलेख दोन मीटरवर आडवा चालत राहिलेला दिसला, की तो आलेख तुमच्या दहा ईमेलांपेक्षा जास्त काम करतो. त्याच डाइव्हचा बडीचा लॉग शेजारी जोडला तर फारच उत्तम.

इथल्या इथे दुरुस्ती

बॅटरी, ओ-रिंग (पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी), पट्टा, पडद्यावरचं संरक्षक कव्हर: यासाठी कुठेही पाठवायची गरज नाही. ज्या मॉडेलची बॅटरी वापरणाऱ्याने बदलायची असते, तिथे कंपनीचं बॅटरी किट मागवा (नवी ओ-रिंग त्यातच येते), सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि खाचेत केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना ते भिंगाखाली बघा.

गोखले रोडवर किंवा वाशीत घड्याळाचे चांगले कारागीर आहेत, त्यांच्यातल्या काहींकडे वॉटर-रेझिस्टन्स तपासायचं यंत्रही असतं. पण ते यंत्र गळती दाखवतं. खोलीचा आकडा बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ‘टेस्ट पास’ ऐकून हा फरक विसरू नका.

शिवाय वाद होण्याची शक्यता असेल तर उघडण्याआधी थांबा. बॅटरीच्या कप्प्यात पाणी शिरलं की कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: ओ-रिंग तुम्ही नीट बसवली नाही. ते खरंही असू शकतं किंवा यंत्राच्या बाहेरच्या कवचाला गेलेला तडाही कारण असू शकतो. बाहेरच्या माणसाने एकदा ते उघडलं की खरं कारण कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि त्याचा तोटा तुमच्याच वाट्याला येतो. आधी तारखेसह फोटो काढा, कंपनीला लिहा, मग उघडा.

कंपनीकडे पाठवणं आणि अदलाबदल

यात डोकं सगळ्यात जास्त लावावं लागतं. ही यंत्रं फिनलंड, इटली, कॅनडासारख्या देशांतून येतात आणि सेन्सर बदलून ते दाबाखाली पुन्हा तपासायची सोय कंपनीच्या ठरावीक केंद्रांतच असते. भारतातला अधिकृत विक्रेता बहुतेक वेळा फक्त पुढे पाठवायचं काम करतो. तरीही पाठवायचं असेल तर त्याच्यामार्फतच पाठवा. कागदपत्रं त्याच्या सवयीची असतात.

स्वतः कुरिअर करणाऱ्यांनी सीमाशुल्काचा नियम समजून घ्यावा. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत येते तेव्हा पूर्ण किमतीवर ड्युटी लागू नये अशी तरतूद २०१७ च्या ४५ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेत आहे. ड्युटी दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंचं भाडं व विमा यांच्यावरच लागते. पण त्यासाठी वस्तू तीन वर्षांच्या आत परतली पाहिजे आणि जी गेली तीच आली हे पटवता आलं पाहिजे. म्हणजे पाठवतानाच्या कागदांवर ‘दुरुस्तीसाठी निर्यात’ आणि सीरियल नंबर हवाच. साध्या पार्सलसारखं पाठवलेलं यंत्र परत येताना नव्या मालासारखं अडतं. लिथियम बॅटरी काढता येत असेल तर काढून पाठवा, विमानाने जाणाऱ्या कुरिअरला तिचं वावडं आहे.

अडचण अशी की कंपन्या जुना सेन्सर बदलत बसण्याऐवजी दुसरं यंत्र देऊ करतात, बहुधा वॉरंटीबाहेरच्या ग्राहकाला कमी केलेल्या किमतीत. मग सीरियल नंबर बदलतो आणि ड्युटीतली ती सवलत हातची जाते. म्हणून अदलाबदलीचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. त्यात भाडं आणि ड्युटी मिळवा. सुरुवातीच्या श्रेणीतला नवा कॉम्प्युटर भारतीय बिलासह साधारण वीस-तीस हजारांत येतो. एकूण खर्च याच्या निम्म्यावर गेला तर मी नवाच घेईन, कारण नव्यासोबत वॉरंटी पुन्हा पहिल्या दिवसापासून मिळते. साठ-सत्तर हजारांच्या वरचं, टाकीचा दाबही दाखवणारं यंत्र असेल तर मात्र पाठवणंच शहाणपणाचं.

पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या मॉडेलबद्दल रिकॉल (कंपनीने दोषामुळे माल परत बोलावणं) किंवा कोर्टातली तडजोड झाली आहे का? सुंटो कंपनीच्या २००६ ते २०१८ दरम्यानच्या डाइव्ह कॉम्प्युटरांच्या दाब-सेन्सरबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१८ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यात तिथल्या ग्राहकांना वॉरंटी संपलेली असूनही मोफत तपासणी आणि सदोष यंत्राची दुरुस्ती किंवा बदली मिळाली. ती तडजोड आपल्याला लागू नाही. पण ‘हा दोष वापराने आलेला नाही’ असं लिहिताना अशा उदाहरणाचं वजन पडतं.

ग्राहक आयोग: कुणाला फायद्याचा

पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीचा भारतात कुणी प्रतिनिधी असेल तर निदान लेखी उत्तर येतं. लेखी उत्तर आलं म्हणजे पुढच्या पायरीला कागद मिळाला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ठाणेकरांसाठी ठाण्याचा जिल्हा आयोग आहे. नवी मुंबईत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडमध्ये. तिथल्या रहिवाशाचा जिल्हा आयोग अलिबागचा. अर्ज ऑनलाइन भरतानाही जिल्हा अचूक निवडा.

वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला, असं कायदा म्हणत नाही. मुळातला दोष नंतर उघड झाला असेल तर तक्रार होऊ शकते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वॉरंटीत असतानाच तुम्ही बिघाड कळवला होता आणि त्यांनी ‘बघतो’ म्हणत वेळ काढला, अशी प्रकरणं सगळ्यात भक्कम. माझ्या ओळखीच्या एका कळव्याच्या डायव्हरला एका विक्रेत्याने महिनोन्‌महिने असंच झुलवलं, आणि शेवटी त्याच्या कामी आला तो वॉरंटीच्या काळात पाठवलेला एकच ईमेल. फोनवरचं बोलणं कुणीच मान्य करत नव्हतं.

कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण मात्र इथे ओढून आणू नका. ते इजा किंवा इतर मालमत्तेच्या नुकसानीसाठी आहे, खुद्द यंत्र बिघडल्याचं नुकसान त्यात धरत नाहीत. आपली तक्रार वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन मुद्द्यांवर उभी करायची. डाइव्ह शिकवून पोट भरणारा प्रशिक्षकही स्वयंरोजगार म्हणून ग्राहक ठरतो, त्यामुळे ‘व्यावसायिक वापर’ या शब्दाला घाबरू नका.

दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग यंत्र प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. आपल्याकडे वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रेशर गेज कॅलिब्रेट करणाऱ्या लॅब आहेत. त्यांच्याकडून आधीच अहवाल घ्यायचा विचार असेल, तर यंत्र आत ठेवून पाण्याखाली दाब देता येईल असं भांडं आणि आतला आकडा वाचायची सोय आहे का, एवढं फोनवर विचारून घ्या. चाचणी लागली तर कायद्याने पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात याहून जास्त धरून चाला.

सिंगापूर किंवा दुबईहून आणलेल्या यंत्रासाठी ही वाट जवळपास बंद आहे. इथे समोर उभं करायला विक्रेताच नसतो. अशांनी आयोगात वेळ घालवू नये, कंपनीशी अदलाबदलीचीच घासाघीस करावी. भारतीय बिल, वॉरंटीतली लेखी तक्रार आणि महागडं यंत्र, या तिन्ही गोष्टी असतील तर मात्र नक्की लढा. पैकी बिलच नसेल, तर मी नव्याकडे वळेन.

मधल्या काळात

पाठवायचं तर जूनमध्येच पाठवा. पावसाळ्यात आपला समुद्र तसाही बंद असतो, आणि ऑक्टोबरच्या आत यंत्र परतलं तर सीझन बुडत नाही. अंदमानची ट्रिप आधीच ठरली असेल तर डाइव्ह सेंटरकडून कॉम्प्युटर भाड्याने घ्या आणि सगळ्या ट्रिपभर तोच एक वापरा. ट्रिपच्या मधे एखादा बंद पडला तर दुसरा लावून लगेच उतरू नका. नव्या यंत्राला तुमच्या आधीच्या डाइव्हचा पत्ताच नसतो, म्हणून २४ तास पाण्याबाहेर काढावे लागतात. हे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून मी तर दोन कॉम्प्युटर बांधून जायचं सुचवेन, दुसरा भाड्याचा आणि साध्यातला साधा असला तरी चालेल.